माळा गेला, केक आला

नव्या इमारतींना माळे नसतात म्हणून घरोघरी केक होऊ लागले, असा माझा एक सिद्धांत आहे. घरात तो कुणालाही मान्य नाही. नवरा म्हणतो, यूट्यूबमुळे. लेक म्हणते, लॉकडाऊनमुळे. सासूबाईंचं मत असं की हल्लीच्या बायकांना चकल्या पाडायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही. तिघांचंही थोडं थोडं खरं असेल. पण हाताने काहीबाही करत बसणाऱ्या माणसाला शेवटी एकच प्रश्न छळतो, आणि तो या तिघांच्या गावीही नाही. झालं करून, आता हे ठेवायचं कुठे?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत या प्रश्नाला उत्तर होतं. स्वयंपाकघरावर एक आणि मोरीवर एक असे माळे, आणि वर जायला पलंगाखाली आडवी सरकवलेली लाकडी शिडी. चढायचं कोणी हे ठरलेलं: घरातलं सगळ्यात हलकं माणूस. खालून सासूबाई दिशा सांगणार, "डावीकडे बघ गं, घंगाळाच्या मागे." त्या घंगाळाच्या मागे घराण्याची सगळी कारागिरी नांदत होती. मण्यांची तोरणं, टीव्हीवर घालायची क्रोशाची झालर (टीव्ही भिंतीवर गेला आणि झालर निराधार झाली), कंदिलांचे सांगाडे, एका बाहीपाशी अडलेले लोकरीचे स्वेटर, आणि माझं रुखवत.

ज्यांनी रुखवत केलं नाही त्यांना ते सांगून पटायचं नाही. साबणाच्या वडीला चहूबाजूंनी टाचण्या टोचायच्या, त्यांना सॅटिनची रिबीन गुंडाळायची आणि परडी म्हणायचं. काडेपेटीच्या काड्यांची झोपडी. सुपारीचे भटजी, त्यांना कापसाची शेंडी. मावशी, आत्या, शेजारच्या काकू दुपारची झाकपाक आटोपून जमायच्या, आणि हात रिबिनीवर असले तरी तोंडं भलतीकडेच चालायची. लग्नाच्या हॉलवर ते सगळं तासभर टेबलावर मांडायचं. "मुलीनेच केलंय हो सगळं," असं आईने व्याह्यांना सांगायचं. त्यातलं निम्मं मावशीचं असायचं. आणि तिथून खोक्यात भरलं की थेट सासरचा माळा. इमारत पाडायच्या आधी ते खोकं खाली उतरलं तेव्हा परडीच्या टाचण्या पार गंजल्या होत्या, पण साबणाला अजून वास होता. सासूबाईंनी टाचण्या उपटल्या, रिबीन लेकीला दिली आणि वडी मोरीत ठेवून चक्क वापरून संपवली. माझ्या रुखवताचं इतकं चीज दुसऱ्या कुणी केलं नाही.

कंदिलाची तऱ्हा वेगळी. बांबूच्या कामट्या दोऱ्याने बांधून केलेला सांगाडा कित्येक वर्षं टिकतो, बदलायचा तो फक्त पतंगाचा कागद. दसरा झाला की सांगाडा खाली यायचा, फाटके तुकडे खरवडून काढायचे, जांभळी नाक्यावरून नवे ताव आणायचे. खळ घरी शिजवायची, मैद्याची. तीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर माळ्यावरची झुरळं खळीच्या लोभाने कागदासकट सगळं फस्त करतात. मोरचूद विषारी, म्हणून ज्या पातेल्यात खळ शिजली ते पुन्हा स्वयंपाकात यायचं नाही. म्हणजे त्या पातेल्यालाही मुक्काम माळ्यावरच. एक कंदील करायचा तर त्याच्यामागे असा सगळा गोतावळा सांभाळावा लागतो. आता आम्ही गोखले रोडवरून घडीचा कंदील आणतो. दिवाळी संपली की तो चपटा होऊन कपाटात साड्यांच्या खाली जातो. दिसायला बरा आहे. मावतो हा त्याचा मोठा गुण.

मखराचं तर सरकारनेच ठरवलं. 2018 साली राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवरही बंदी आली, आणि सुरीने थर्माकोल कापताना दातांवर काटा आणणारा तो आवाज घराघरांतून गेला. माझी त्याबद्दल तक्रार नाही. खांब, कमानी, वर सोनेरी टिकल्या. दिसायचं देखणं, पण विसर्जनानंतर मासुंदा तलावाच्या काठाला त्याचे तुकडे पाहिलेले आहेत. आता पुठ्ठा, कापड, कागदी फुलं. पुठ्ठ्याचं मखर पुढच्या वर्षीपर्यंत टिकवायचं म्हटलं तर ठाण्याचा पावसाळा टिकू देत नाही, ते सादळून माना टाकतं. त्यामुळे ते दरवर्षी नवं होतं आणि जुनं रद्दीत जातं. तसं पाहिलं तर आपली सजावट पहिल्यापासून काढून ठेवायचीच. रांगोळी संध्याकाळपर्यंत, तोरणाची आंब्याची पानं सुकेपर्यंत, गौरी तीन दिवस. बारा महिने तेरा काळ घर सजवून ठेवायची कल्पना आपल्याकडे सोफ्यासोबत आली असावी. भिंतीवर इवल्या दिव्यांची माळ, कोपऱ्यात वासाची मेणबत्ती, टोपलीत नुसती दिसायला ठेवलेली चादर. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमधून हळदीकुंकवाला चार घरं फिरून आलं की कुठली मेणबत्ती कुणाकडे पाहिली ते आठवत नाही. वास मात्र सगळीकडे व्हॅनिलाचा.

माळ्याशिवाय निभावणारी घरातली एकच हस्तकला म्हणजे गोधडी. ती अंगावर असते, अंथरुणात असते, उन्हात असते. सासूबाईंच्या आईच्या लुगड्यांची आमच्याकडे आहे, धावदोऱ्याची, आणि तिच्यावर पडलेली ठिगळं आता मूळ कापडापेक्षा जास्त झाली आहेत. लेक बारावीचा अभ्यास तिच्यात गुंडाळून घेऊन करते. मुंबईच्या हवेत गोधडी लागते कुठे, असं विचारणाऱ्यांनी आमचा एसी बघावा.

हलव्याचे दागिने अधले-मधले. खातात म्हणावं तर खात नाहीत, ठेवतात म्हणावं तर ठेवता येत नाहीत. मंद आचेवर परातीत तीळ नाहीतर खसखस घेऊन एकतारी पाकाचा थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, तेव्हा कुठे त्या दाण्याला काटा येतो. थंडी हवी, कोरडी हवा हवी, आणि मुख्य म्हणजे बोटं भाजून घ्यायची तयारी हवी. आजकाल हलवा विकत आणून दागिने घरी ओवतात. माझ्या जावेने भाचीच्या बोरन्हाणाला मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा असा सगळा साज केला. जपून ठेवू म्हणून डब्यात ठेवला. मुंग्यांना निमंत्रण लागत नाही.

तर केक. तो याच परीक्षेत पहिला आला. दुपारी करावा, रात्रीपर्यंत संपावा, मागे राहावं काय तर घासायचा एक टिन. सजावटीची हौस भागते, हाताला काम मिळतं, कौतुक होतं आणि घरात एक इंचही जागा अडत नाही. नव्या फ्लॅटला फॉल्स सीलिंग आहे आणि त्यात गोल गोल दिवे आहेत. त्यावर साधी परात ठेवता येत नाही. अशा घरात माणूस रुखवत करेल की केक?

तसं घरचं बेकिंग आम्हाला नवीन नाही. फक्त ते घरात होत नसे. मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी घरून मैदा, तूप, पिठीसाखर, वेलदोड्याची पूड असं सगळं पिशवीत भरून बेकरीत जायचं. मैद्याच्या निम्मं तूप आणि निम्मी साखर, हे प्रमाण आईने बेकरीवाल्याला बजावून सांगायचं. त्याने मान डोलवायची आणि स्वतःच्या हिशेबाने मळायचं. किलोमागे मजुरी ठरलेली. मग नंबर लागेपर्यंत बाकावर बसायचं. उठून गेलं तर आपलं तूप दुसऱ्याच्या नानकटाईत जाईल, असा बायकांचा पक्का समज होता, त्यामुळे राखणीला एक पोर बसवलेलं असायचं. भट्टीतून लांब दांड्याच्या फावड्यावरून पत्रे बाहेर यायचे, आणि त्या गरम नानकटाया कागद घातलेल्या पत्र्याच्या चौकोनी डब्यात भरून रिक्षाने घरी. ती घरचीच म्हणवली जायची, आणि मला विचाराल तर ती होतीही. तूप आमचं, वेलदोडा आमचा, राखण आमची. भट्टी तेवढी दुसऱ्याची.

निखाऱ्यांवरचं बेकिंग तर त्याहून जुनं. सासूबाईंचं माहेर कोकणातलं. त्यांच्याकडे जून तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, धोंडस व्हायचं: तवसं किसायचं, तांदळाच्या कण्या भाजायच्या, गूळ, खोबरं, आणि जाड बुडाच्या पातेल्यात खाली विस्तव, झाकणावर विस्तव. ठाण्यात सीकेपी घरं पूर्वीपासून पुष्कळ, त्यांच्याकडचं निनावंही असंच भाजून होतं, बेसन-कणकेचं, नारळाच्या रसातलं, जायफळ घातलेलं. म्हणून लेकीने पहिल्यांदा ओव्हनची माहिती द्यायला सुरुवात केली, "आजी, याला वरूनही कॉइल असते आणि खालूनही," तेव्हा आजीने एवढंच विचारलं, "मग नवीन काय?"

मधल्या काळात आमच्याकडे कुकरचा केक होता. शिट्टी काढायची, रिंग काढायची, तळाला मीठ नाहीतर वाळू, त्यावर जाळी, जाळीवर डबा. कोरडा कुकर तापवू नये असं त्याच्या माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, आणि माहितीपुस्तक माळ्यावर असतं. मग झाकणाला मधोमध काच असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला. त्या काचेतून केक फुगताना बघायला बिल्डिंगमधली मुलं येऊन बसायची. आता ओटीजी, म्हणजे ओट्यावर मावणारा विजेचा ओव्हन आहे, 180 अंशांवर लावा आणि विसरा.

लेकीकडून मी यातलं शास्त्र शिकले, आणि ते मला केकपेक्षा जास्त आवडलं. बिनअंड्याच्या केकमध्ये दही आणि खायचा सोडा एकत्र आले की दह्यातल्या आम्लाशी सोड्याची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याच्या बुडबुड्यांनी केक फुगतो. म्हणून मिश्रण झालं की फोन घ्यायचा नाही, दार उघडायचं नाही, टिन आधी ओव्हनमध्ये. जरा फुगावा म्हणून सोडा सढळ हाताने घातला तर दह्याला पुरून जो उरतो त्याचा उष्णतेने धुण्याचा सोडा होतो, आणि केकला साबणाची चव येते. मैदा घातल्यावर फेटत बसायचं नाही, कारण जितकं घुसळाल तितकं त्यातलं ग्लुटेन चिवट होतं. कणकेच्या केकला कोंड्यामुळे तेवढी उंची येत नाही, पण त्याला भाजलेल्या पिठाचा खमंग वास येतो, आणि आमच्या घरी तोच आधी संपतो. वर आयसिंग नाही, गुलाब नाहीत. पिठीसाखर भुरभुरायची असेल तर क्रोशाचा रुमाल केकवर पसरून वरून चाळायची आणि रुमाल हलकेच उचलायचा. खाली नक्षी उमटते. निराधार झालेल्या झालरीला लेकीने हे काम दिलं. माळ्यावरची ती एवढी एकच वस्तू पुन्हा नोकरीला लागली.

आता माझ्या सिद्धांतातली मेख सांगते. केक संपतो हे खरं, पण तो एकट्याने खाऊन संपत नाही. नव्या इमारतीत माणसं नवी, मजले जास्त, लिफ्टमध्ये नुसतं हसण्यापलीकडे ओळख नाही. मग केक झाला की चार तुकडे वरच्यांना, चार समोरच्यांना. समोरचे डिसेंबरात सेंट जॉन चर्चमधून आले की कलकल आणि करंज्या देतात, वरचे गुजराती आहेत, त्यांच्याकडून खांडवी येते. आणि भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत जशी आमच्याकडे तशी त्यांच्याकडेही. जुन्या इमारतीत भांड्यांवर नावं घातलेली असायची, त्यामुळे कुणाचं पातेलं कुणाकडे याचा निवाडा बसल्या जागी व्हायचा. आता सगळे डबे प्लास्टिकचे आणि निनावी. ओट्याखालचा एक खण त्यांनी भरला, मग ओटीजीच्या डोक्यावर रास लागली, आणि परवापासून काही डबे वॉशिंग मशीनवर आहेत.

"बघ," नवरा म्हणाला, "तुझ्या केकला जागा लागते."

मी उत्तर दिलं नाही. खांडवीचा तो हिरव्या झाकणाचा डबा वरच्यांचाच आहे, एवढं नक्की आहे. संध्याकाळी तो देऊन टाकणार आहे. रिकामा देता येणार नाही, म्हणून मैदा चाळायला घेतलाय.