दादांची पावती

दादांचा टेम्पो भिवंडीहून निघाल्याचा फोन आला तरी आई कुकर लावायची नाही. माल भरायला एक तास, रस्त्याला एक तास, आणि जकात नाक्यावर किती, ते देवालाच ठाऊक. रात्री अकराला दादा घरात शिरले की हातपाय धुण्याआधी शर्टाच्या खिशातून जकातीची पावती काढून डब्यात ठेवायचे. ती हरवली तर शेठ भाड्यातून पैसे कापायचा.

लहानपणी मला वाटायचं, साबण, वह्या, टीव्ही सगळं भिवंडीतच बनतं. दादा म्हणाले, "अगं, बनत नाही, ठेवतात. आसपासच्या गावांत ग्रामपंचायत, तिथं जकात नाही." मुंबईत माल आणायचा तर वेशीवरच जकात भरायची. मग तो दुकानात सहा महिने पडून राहिला तरी पैसे अडकलेले. म्हणून कंपन्यांनी माल वेशीबाहेर ठेवला आणि खपेल तसा आत आणला. जमीन स्वस्त होती हेही खरं, पण भाताच्या खाचरांत पत्र्याची गोदामं उभी राहिली त्यात मुंबईच्या जकातीचा हात मोठा.

जकात हा शब्द मूळ अरबी, दानधर्माचा. नाक्यावर रांगेत उभं राहून पुण्य किती लागलं कोण जाणे! पेशवाईत तर लग्नावर लग्नटका नावाचा कर होता, विधवेच्या पुनर्विवाहावर पाटदाम होता, म्हशीवर म्हैसपट्टी होती. आईला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हशीचं समजू शकते, ती दूध तरी देते."

नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. ठाणे महापालिकेत २०१३ साली जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. मुंबईत मात्र ती थेट जीएसटी येईपर्यंत, म्हणजे ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत टिकली. आता गोदामं ओस पडणार, असं मला वाटलं होतं. उलट ऑनलाइन खरेदीनं ती आणखी फुगली.

दादांनी टेम्पो कधीच विकलाय. परवा मी मिक्सर मागवला आणि तो कुठवर आला ते त्यांना मोबाइलवर दाखवत होते. रात्री दोनला भिवंडी सोडलं, साडेतीनला मुलुंड.

दादांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "मधे कुठं थांबलाच नाही?"