गेजवाल्या दादांमुळे लागलेली नोकरी

गेल्या जूनमध्ये चाकणच्या कारखान्यातली आमची लाईन बंद झाली आणि क्वालिटीतल्या आम्हा सहाही जणांना एकाच दिवशी जायला सांगितलं. नऊ वर्षं एकाच ठिकाणी काढलेली, सीव्ही शेवटचा कधी बनवला तेही आठवेना, वर घराचा हप्ता चालू.

पहिला महिना मी नुसतं अप्लाय करत सुटले. लिंक्डइनवर अनोळखी एचआरना एकच मेसेज कॉपी-पेस्ट, सीव्ही जोडलाय ओपनिंग असेल तर कळवा, साठेक जणांना पाठवला असेल, उत्तर दोघांचं आणि तेही 'कळवतो' एवढंच. फार खचले होते तेव्हा.

मग एका रविवारी वही घेऊन बसले आणि ज्यांनी माझं काम डोळ्यांनी बघितलंय फक्त त्यांचीच नावं लिहिली. कस्टमरकडून पीपॅपला, म्हणजे नवीन पार्ट मंजूर करायला येणारे, आयएटीएफ १६९४९ (गाड्यांच्या पार्टसाठीचं क्वालिटी स्टँडर्ड) च्या ऑडिटला भेटलेले, आधीच सोडून गेलेले इन्स्पेक्टर, आणि भोसरीच्या कॅलिब्रेशन लॅबमधून आमचे गेज (पार्टची मापं तपासायची साधनं) ठरल्या तारखेला तपासणीसाठी न्यायला यायचे ते दादा. ४१ नावं झाली! प्रत्येकाला वेगळा मेसेज लिहिला. एका सरांसोबत पूर्वी पार्टमधल्या बारीक छिद्रांच्या तक्रारीचं मूळ कारण शोधलं होतं (त्या पद्धतीला एट-डी म्हणतात), त्यांना लिहिलं, "सर, ब्रॅकेटच्या पोरॉसिटीच्या कंप्लेंटवर आपण सोबत एट-डी केला होता, मी तीच. नोकरी मागत नाहीये, पण सप्लायर क्वालिटीत यायचं तर माझ्यात काय कमी पडतंय ते पंधरा मिनिटं फोनवर सांगाल का?"

त्यांचा त्याच संध्याकाळी फोन आला. म्हणाले, सीव्हीत नुसत्या जबाबदाऱ्या लिहिल्यात, आकडे कुठायत? मग 'कस्टमर रिजेक्शन ४२० पीपीएमवरून ९० वर' (पीपीएम म्हणजे दहा लाख पार्टमागे किती नाकारले) असं लिहिलं, आणि प्रोफाइलच्या हेडलाईनमधलं 'नवीन संधीच्या शोधात' काढून पीपॅप, एफएमईए, एसपीसी, मशीनिंग असे आमच्या कामातले शब्द टाकले, कारण रिक्रूटर हेच शब्द टाकून शोधतात. 'ओपन टू वर्क'ची हिरवी रिंग मी सगळ्यांना दिसेल अशी लावली, पण तुम्ही नोकरीत असाल तर फक्त रिक्रूटरवालं सेटिंग ठेवा, आणि त्यातही आपल्या कंपनीला अजिबात कळणार नाही अशी खात्री लिंक्डइन स्वतःही देत नाही.

दादा लिंक्डइनवर नाहीतच, त्यांना व्हॉट्सॲप केलेलं. चार दिवसांनी फोन आला, "मॅडम, रांजणगावला एका ठिकाणी क्वालिटीच्या मॅडम सोडून गेल्यात, अजून जाहिरात नाही आलेली. तिथल्या साहेबांना तुमचं नाव सांगू का? तुमच्याकडं एकाही गेजची ड्यू डेट कधी चुकली नाही, हे मी छातीठोक सांगू शकतो." मला खरंच रडू आलं हो. नऊ वर्षांत मी त्यांना चहा आणि चलनावर सही, यापलीकडे काय दिलं होतं?

लगेच ती कंपनी लिंक्डइनवर शोधली तर आमचाच एक जुना इन्स्पेक्टर तिथे निघाला, त्याने त्यांच्या पोर्टलवर माझं रेफरल टाकलं. दोन राउंड झाले, एकात कंट्रोल प्लॅन (कुठली तपासणी कधी, कशी करायची त्याचा तक्ता) हातात देऊन चुका काढायला लावल्या, सप्टेंबरमध्ये ऑफर आली. पगार आधीपेक्षा थोडा कमीय, पण काम मनासारखं आहे.

आमच्या सहापैकी दोघं अजून शोधतायत. मागच्या रविवारी दोघांना घरी बोलावून वह्या काढायला लावल्या, दोघांच्याही यादीत पहिलं नाव मी दादांचंच लिहायला सांगितलं.