एकोणीस रात्रींचा बॅकअप

"सर, तुमच्या क्रॉननं एक बी फाईल टाकली नाही बगा."

सकाळी सकाळी काट्यावरच्या पोराचा फोन. लातूर एमआयडीसीतल्या एका सोयाबीन कारखान्यात वजनकाट्याचा लिनक्स संगणक मी सांभाळतो. काटापट्ट्यांचा आजवरचा डेटा टार करून (एका फाईलमध्ये बांधून) ऑफिसातल्या दुसऱ्या मशीनवर टाकायची एक छोटी स्क्रिप्ट आहे. रोज संध्याकाळी हे पोरगं ती हातानं चालवायचं. दसऱ्याच्या तोंडावर घरचं सोयाबीन काढायला ते गावी निघालं, म्हणून मी ती रूटच्या, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याच्या, क्रॉनटॅबमध्ये रात्री एकला लावली. (क्रॉन ठरल्या वेळी कामं आपोआप चालवतो, क्रॉनटॅब ही त्या कामांची यादी.) चालवूनही पाहिली नाही. रूटला कोण अडवणार?

१९ रात्री गेल्या. आवकीचा ऐन हंगाम, फाटकाबाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि बॅकअप शून्य.

गेलो तेव्हा पोरानं माझ्यासमोर स्क्रिप्ट चालवली. मिनिटभरात फाईल तयार. मग मी सुडो लावून, म्हणजे रूट म्हणून चालवली. परमिशन डिनाइड.

पहिला संशय पाथवर, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीवर होता. क्रॉनला पाथ तोकडा मिळतो, निम्म्या तक्रारींचं मूळ तिथंच असतं. पण इथं तर क्रॉन नव्हताच, मी समोर बसून चालवत होतो. मग एसईलिनक्स हा लिनक्सचा पहारेकरी थोडा वेळ ढिला केला (बिचाऱ्यावर नेहमीच आळ येतो). फरक शून्य. जिथं फाईल टाकायची ते फोल्डर पाहिलं तर मालक ते पोरगं, परवानगी ७००. म्हणजे बाकी सगळ्यांना दार बंद, पण रूटला असल्या कड्या लागत नाहीत. चिडून सीएचमॉड ७७७ मारलं (सगळ्यांना सगळी परवानगी), तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. आता मात्र घाम फुटला. रूटला सीएचमॉड करू न देणारी फाईल सिस्टीम?

काट्याचे मामा चहा घेऊन आले. "काय, संगणक आयकना का?"

काय कुठून जोडलंय ते दाखवणारी माउंट कमांड दिली आणि उत्तर तिथंच होतं. ते फोल्डर या मशीनचं नव्हतंच, एनएफएसनं (दुसऱ्या मशीनचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची सोय) ऑफिसातून जोडलेलं होतं. जोडणारा मीच, दोन वर्षांपूर्वी! एनएफएसवर परवानगी तपासतो पलीकडचा सर्व्हर, आणि तिथं रूट स्क्वॅश असतो. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाईलमध्ये (कोणतं फोल्डर कुणाला द्यायचं ती यादी) लिहिला नाही तरी असतोच. बाहेरून युआयडी ०, म्हणजे रूटचा क्रमांक, घेऊन कुणी आला की सर्व्हर त्याला नोबडी, म्हणजे बिनहक्काचा वापरकर्ता, करून टाकतो. खात्री करायला सगळ्यांना खुल्या असलेल्या शेजारच्या फोल्डरमध्ये रूटनं एक रिकामी फाईल बनवली. मालकाच्या रकान्यात नोबडी.

मामांना समजावलं, तर म्हणाले, "म्हंजे आपल्या गावचा पाटील शेजारच्या गावात नुसता पाव्हणा."

याहून बरं मला सांगता आलं नसतं.

सोपी पळवाट होती: सर्व्हरवर नो रूट स्क्वॅश लिहायचं. कारखान्याचे मालकही मागं उभे राहून "लवकर काय ते करा" म्हणत होते. पण मग काट्याच्या मशीनवर ज्याला रूट मिळेल, त्याला ऑफिसातला तो सगळा शेअर (सामायिक फोल्डर) मोकळा. आणि काट्याच्या खोलीत दिवसभर कोण कोण टेकायला येतं, ते मी पाहिलंय. रूटच्या क्रॉनटॅबमधली ओळ काढली आणि पोराच्या क्रॉनटॅबमध्ये टाकली. या कामाला रूट लागतच नव्हता.

रूटची मेलपेटी उघडली. क्रॉननं इमानेइतबारे १९ मेल टाकले होते, सगळ्यांत तीच 'परमिशन डिनाइड'ची ओळ. ती पेटी वाचायचं काम माझंच. मालकांना मेलचं काही सांगितलं नाही. आता ते मेल माझ्या पत्त्यावर वळवलेत.

दुसऱ्या दिवशी सहालाच पोराचा फोन.

"सर, एकची फाईल आलीय. मागचं सगळं हाय त्यात, उघडून बगितलं."

"बरं झालं."

"मग येळवशीच्या सणाला मी गावाकडं जाऊ ना?"