चाळीस नंबर, चाळीस यार्ड

"पाच टू अकरा. छत्तीस यार्ड. टचडाउन."

बँकेत टोकन नंबर पुकारतात तशा सपाट आवाजात काकांनी हे सांगितलं आणि मी टाइप केलं. म्हणजे पाच नंबरच्या खेळाडूने अकरा नंबरच्याकडे चेंडू फेकला आणि त्याने तो मैदानाच्या टोकापर्यंत नेला. काचेपलीकडे लाखभर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती आणि पायाखालची जमीन हलल्याचं मला खुर्चीतही जाणवत होतं. आमच्या रांगेत मात्र फक्त की-बोर्डची टकटक. प्रेस बॉक्समध्ये कुणाच्याही बाजूने ओरडायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हा तिथला जुना नियम आहे. तो मोडणाऱ्याला बाहेर काढतात.

तारीख १५ ऑक्टोबर २०२२, शनिवार. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं नॉक्सव्हिल शहर, टेनेसी नदीकाठचं नेलँड स्टेडियम, आणि सामना टेनेसी विरुद्ध अलाबामा. कॉलेज फुटबॉल, म्हणजे हातात धरून पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. मी एका आकडेवारी पुरवणाऱ्या कंपनीसाठी शनिवारचे सामने करते. दोघांची जोडी असते. एक जण दुर्बिणीतून बघून सांगतो, की चेंडू कुणी फेकला, कुणी पकडला, किती यार्ड गेला, कुणी पाडलं. दुसरा ते टाइप करतो आणि दोन-तीन सेकंदांत ते जगभर जातं. दुर्बिणीवर काका, की-बोर्डवर मी. काका हे मी मनातल्या मनात म्हणते. समोर त्यांना नावानेच हाक मारते, कारण तिकडची रीत तशी. निवृत्त शाळामास्तर, जन्म इथलाच, आणि लहानपणापासून टेनेसीचे.

मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने भावाबरोबर बघत वाढले. एखाद्या तालमीसाठी माणूस किती जीव टाकतो हे मला नवीन नव्हतं. बायकामुलांसकट अख्खी पेठ सामन्याच्या दिवशी कशी बदलते, तेही पाहिलेलं. पण नॉक्सव्हिलला आले तेव्हा इथल्या लोकांच्या प्रेमात एक थकवा होता. २०२० मध्ये संघ दहापैकी सात सामने हरला. अलाबामाला तर त्यांनी २००६ नंतर हरवलंच नव्हतं, ओळीने पंधरा पराभव. नारिंगी शर्ट घालून लोक यायचे, चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्येच हळूहळू उठून गाडीकडे जायचे.

जानेवारी २०२१ मध्ये जॉश ह्युपेल नावाचे प्रशिक्षक आले आणि त्यांनी खेळायची पद्धतच बदलली.

ती थोडी समजावून सांगते, कारण त्या दिवशीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. या खेळात चेंडू असलेल्या संघाला दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढचा चेंडू सुरू करायला चाळीस सेकंद असतात. बहुतेक संघ ते जवळजवळ सगळे वापरतात. घोळका करून उभे राहतात, डाव ठरवतात, सावकाश रेषेवर येतात. आम्हा आकडेवाल्यांचं पोट त्या चाळीस सेकंदांवर चालतं. कुणी पाडलं त्याचा नंबर तपासायचा, यार्ड मोजायचे, नोंद पक्की करायची.

ह्युपेलच्या संघात घोळका करणं नाहीच. चेंडू जिथे पडला तिथे अकराही जण धावत जातात, बाजूरेषेवरून आलेली हाताची खूण बघतात आणि पंधरा-वीस सेकंदांत पुढचा चेंडू सुरू. वर नियम असा, की ऑफेन्सने, म्हणजे चेंडू असलेल्या संघाने, खेळाडू बदलला तर पंच डिफेन्सला, म्हणजे अडवणाऱ्यांना, बदलायला वेळ देतात, नाही बदलला तर देत नाहीत. टेनेसी बदलतच नाही. मग समोरचे तेच अकरा जण मैदानात अडकून पडतात. पुढच्या फळीतली तर सव्वाशे-दीडशे किलोची माणसं. आणि कडेचे रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे, इतके रुंद उभे करतात, की जवळजवळ बाजूरेषेला टेकलेले. मैदान त्रेपन्न यार्ड रुंद आहे, डिफेन्सला ते सगळंच्या सगळं झाकावं लागतं. मधे जी मोकळी जागा उरते, तिथून त्या मोसमात अकरा नंबरचा जेलिन हायट सरळ पळत सुटायचा.

लोकांना या वेगाचं वेड लागलं होतं. माझी गाडी दुरुस्त करणारा मेकॅनिक मला म्हणाला होता, "पूर्वी खाऊन-पिऊन यायचो तरी काही हुकायचं नाही. आता पाणी आणायला गेलो की एक टचडाउन गेलाच." तक्रार म्हणून सांगत होता, पण चेहरा फुलला होता. स्टेडियममध्ये मला दिसलेला बदल म्हणजे लोक बसेनासे झाले. पूर्वी प्रत्येक चेंडूनंतर लोक खाली टेकायचे, पुढच्याला उठायचे. आता टेकायला वेळच नसे, म्हणून उभेच. २०२१ मध्ये संघ ७-६ असा काठावरच राहिला, तरी गर्दी वाढत गेली. या मोसमात पाचपैकी पाच जिंकून ते देशात सहाव्या क्रमांकावर आले होते. अलाबामा तिसरी.

दुपारी साडेतीनला सामना सुरू झाला. सकाळपासून नदीत बोटी नांगरलेल्या, लोक बोटीतूनच सामन्याला येतात, ही १९६२ पासूनची पद्धत. एक लाख एक हजार नऊशे पंधरा जागा, एकही रिकामी नाही.

पहिल्या दहा मिनिटांतच मी मागे पडले. एका चेंडूला पाडणाऱ्या दोघांचे नंबर टाइप करत होते, तेवढ्यात काका म्हणाले, "स्नॅप." म्हणजे पुढचा चेंडू सुरू झाला. मी वर पाहिलं तर चेंडू हवेत. आधीचा चेंडू अर्धा, नवीन सुरू. हेडफोनवर दूरच्या शहरातून आमचा तपासनीस ओरडला, "एक प्ले कमी दिसतोय." घशाला कोरड पडली. काकांनी दुर्बीण डोळ्यावरून न काढता सांगितलं, "पाडणारे सोड. फक्त चेंडू कुठे थांबला ते टाक. बाकीचं मी वहीत लिहितो, टाइम-आउटला भरू." त्यांच्या डाव्या हाताखाली आखीव वही होती. न बघता ते तिच्यात नंबर लिहीत गेले, ओळी वाकड्या, पण आकडे स्वच्छ. पुढचे चार तास आम्ही तसंच काम केलं.

पहिला क्वार्टर संपला तेव्हा टेनेसी पुढे, २१-७. थोड्या वेळाने २८-१०. एका जाहिरातीच्या वेळी काकांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "बघ, पंचाहत्तर टक्के सामना यात दिसेल." मी अलाबामाच्या पुढच्या फळीवर लावली. एक धिप्पाड पोरगा कमरेवर हात ठेवून वाकलेला. तोंड उघडं, माउथगार्ड बाहेर लोंबतोय, नजर सारखी आपल्या प्रशिक्षकांकडे. मैदानातून सुटका हवी होती त्याला. खेळ सुरू झाला, टेनेसीने कुणीच बदललं नाही, आणि तो तसाच धापा टाकत पुन्हा रेषेवर हात टेकून बसला. अलाबामाला त्या दिवशी सतरा दंड झाले, एकशे तीस यार्डांचे. त्यांच्या इतिहासात एका सामन्यात इतके कधी झाले नव्हते. सगळे काही दमल्यामुळे झाले नाहीत, पण गोंधळलेला आणि दमलेला संघ चुका करतो हे मी त्या दुर्बिणीतून पाहिलं.

अर्थात हा खेळ फुकट मिळत नाही. चाहते फक्त टचडाउन मोजतात, मला दोन्ही रकाने भरावे लागतात. ऑफेन्स दीड मिनिटात टचडाउन करून आला, की स्वतःच्या डिफेन्सला पाणी पिऊन होण्याआधी परत मैदानात जावं लागतं. टेनेसीचा डिफेन्स दुसऱ्या क्वार्टरपासून वाकायला लागला. अलाबामाच्या ब्राइस यंगने एकट्याने ४५५ यार्ड फेकले. मध्यंतराला २८-२०, आणि नंतर आघाडी इकडून तिकडे हलत राहिली. हायटने साठ यार्डांचा टचडाउन केला, मग अठ्ठ्याहत्तरचा. दोन्ही वेळा आसपास कुणी नव्हतं, आपल्याच अंगणात पळावं तसा पळाला. काका दोन्ही वेळा तेच म्हणाले, "पाच टू अकरा," पण दुसऱ्या वेळी 'अकरा' म्हणताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी खोकून घेतलं.

चौथ्या क्वार्टरमध्ये आठ मिनिटांच्या आत उरली असताना ४२-४२ होतं. चेंडू हातात देता-घेताना टेनेसीचा गोंधळ झाला, चेंडू जमिनीवर, आणि अलाबामाच्या डॅलस टर्नरने तो उचलून अकरा यार्ड पळवत टचडाउन केला. ४९-४२. एवढं मोठं स्टेडियम एका क्षणात असं शांत झालं, की काचेतून मला खालच्या अलाबामावाल्यांचा कोपरा वेगळा ऐकू येऊ लागला. काकांनी वहीत नोंद केली, पेन्सिल खाली ठेवली, पुन्हा उचलली. पंधरा वर्षं याच वळणावर हा सामना सुटत आला होता. खाली काही लोक उठले, मला वाटलं निघाले. पण ते जिन्यापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

टेनेसीने वेग कमी केला नाही. मला त्या दिवसातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे. मागे पडलेला संघ घाबरून सावध होतो, मी कितीतरी पाहिलेत. हे पुन्हा धावत रेषेवर आले, पुन्हा खूण, पुन्हा स्नॅप. साडेतीन मिनिटांहून कमी वेळ उरला असताना पाच नंबरच्या हेन्डन हूकरने हायटला तेरा यार्डांचा पास दिला. ४९-४९. हायटचा पाचवा टचडाउन. टेनेसीच्या कुठल्याही खेळाडूने एका सामन्यात पाच टचडाउन पकडलेले नव्हते. सहा झेल, २०७ यार्ड. मी आकडा दोनदा तपासला, बरोबर होता.

मग अलाबामा पुढे सरकत आली. पंधरा सेकंद उरले असताना पन्नास यार्डांवरून त्यांनी किक मारली. चेंडू खांबांच्या बाहेरून गेला.

पंधरा सेकंद. इतर कुठल्याही संघाने गुडघा टेकून जादा वेळेसाठी थांबायचं ठरवलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण या पोरांना दोन वर्षं एवढंच शिकवलं होतं, की पंधरा सेकंद म्हणजे भरपूर वेळ. अठरा यार्डांचा पास. टाइम-आउट. सत्तावीस यार्डांचा पास. टाइम-आउट. दोन सेकंद उरले. चाळीस नंबरचा चेस मॅकग्रा किक मारायला आला. अंतर चाळीस यार्ड.

चेंडू नीट फिरत गेलाच नाही. डुगडुगत, कुणीतरी ढकलल्यासारखा, आडव्या दांड्याच्या जेमतेम वरून गेला.

काका काही बोलले नाहीत. नियम होता, आणि ते नियमाचे माणूस. मी त्यांच्याकडे न बघता टाइप केलं. काचेखाली चारही बाजूंनी माणसं मैदानात उतरत होती. पाच मिनिटांत हिरवं गवत दिसेनासं झालं, नुसतं नारिंगी. गोलपोस्ट वाकले, उपटले गेले आणि हातोहात स्टेडियमबाहेर निघाले. लोकांनी ते नदीत नेऊन टाकले. मैदानात घुसल्याबद्दल विद्यापीठाला एक लाख डॉलर दंड झाला. या सामन्यात जिंकणारे सिगार ओढतात, ती प्रथा जुनी. हळूहळू धुराचा एक निळसर थर दिव्यांच्या उजेडात उभा राहिला आणि दाराच्या फटीतून वास आत आला. मेकॅनिक त्या गर्दीत कुठेतरी असणार असं मला सारखं वाटत होतं.

आमचं काम संपलं नव्हतं. वहीतले पाडणाऱ्यांचे नंबर भरायचे होते, बेरजा जुळवायच्या होत्या. टेनेसी ५६७ यार्ड, अलाबामा ५६९. दोन यार्डांचा फरक, आणि तोही हरणाऱ्याच्या बाजूने. तपासनीस म्हणाला, "जुळलं. बंद करा." घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. बाहेर अजून कुणी घरी गेलं नव्हतं.

काकांनी दुर्बीण डबीत ठेवली, पट्टा नीट गुंडाळला, वही बंद केली. मग खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि म्हणाले, "शेवटची ओळ वाच ना जरा."

मी स्क्रीनवरून वाचली. "चौथा क्वार्टर, शून्य शून्य शून्य शून्य. चाळीस नंबर, चाळीस यार्ड, गुड. टेनेसी बावन्न, अलाबामा एकोणपन्नास."

ते काचेतून खाली बघत होते. "परत वाच," म्हणाले.