ग्रुपवरचं पाणी कुठल्या सालचं?

जुलैत राधानगरी-गगनबावड्याकडं पावसानं जोर धरला की कोल्हापुरात सगळीकडं एकच विचारणा असते, "पाणी किती फुटांवर आहे?" पूर्वी त्यासाठी लोक पंचगंगा घाटावर चक्कर मारायचे, नाहीतर सकाळच्या पेपरची वाट बघायचे. मधली काही वर्षं वेबसाइट उघडून आकडा शोधायची सवय लागली होती. आता शोधायला कुणी जात नाही. तालमीच्या, कॉलनीच्या, भिशीच्या ग्रुपवर आकडा आपसूक येऊन पडतो. रोजच्या इंटरनेटमधला सगळ्यात मोठा बदल हाच आहे. आपण माहितीकडं जायचो, आता माहिती आपल्याकडं येते. पण येताना दोन गोष्टी वाटेत गळतात, तारीख आणि पत्ता. त्या परत कशा जोडायच्या, याबद्दल हे लिहिलंय.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि त्याच वर्षी यूपीआयही सुरू झालं. घरात कधी कॉम्प्युटर न आलेल्या हजारो लोकांचं पहिलं इंटरनेट थेट फोनवर आलं. त्यांना ब्राउझर, वेबसाइटचा पत्ता, बुकमार्क हे टप्पे लागलेच नाहीत. व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम म्हणजेच नेट. यात कमीपणा काही नाही. फक्त, वेबसाइटवर वर पत्ता दिसायचा, बातमीखाली तारीख दिसायची. तो आधार या ॲपमध्ये सहज मिळत नाही.

पुराचा एक फोटो घ्या. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी, रांगेत अडकलेले ट्रक. फोटो २०१९ च्या ऑगस्टमधला आहे, पण आज सकाळी ग्रुपवर आला. फोनच्या गॅलरीत तो आजच्या तारखेखाली दिसतो, कारण नेहमीच्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोतली मूळ नोंद, म्हणजे कधी काढला, कुठं काढला, कुठल्या फोनवर काढला, ही व्हॉट्सॲप पाठवताना काढून टाकतं. फोटो लहानही करतं. उरते ती फक्त तुमच्या फोनवर उतरल्याची तारीख. म्हणून "गॅलरीत बघ की, आजचाच आहे" हा पुरावा अजिबात धरू नका.

'फॉरवर्डेड' या शिक्क्यावरही पूर्ण विसंबता येत नाही. हा शिक्का २०१८ मध्ये आला. पाच किंवा जास्त हातांतून फिरलेल्या मेसेजवर दोन बाण दिसतात, आणि २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढं पाठवता येतो. पण कुणी तो फोटो सेव्ह करून नव्यानं टाकला, किंवा मजकूर कॉपी-पेस्ट केला, की शिक्का पुसला जातो. दोन बाण दिसले तर सावध व्हायचं हे खरं, पण बाण नाहीत म्हणून बिनघोर राहायचं नाही.

खातरजमा करायला दोन मिनिटं लागतात. फोटो उघडा, शेअर दाबा आणि गूगल लेन्स निवडा. हाच फोटो आधी कुठं छापून आला असेल तर खाली तशा पानांची यादी येते; त्यातल्या सगळ्यात जुन्या पानाची तारीख बघा. व्हिडिओ असेल तर एखादी पाटी, पूल किंवा दुकानाचा बोर्ड दिसतो तिथं थांबवा, स्क्रीनशॉट काढा आणि तो लेन्सला द्या. चेहरे आणि नुसतं पाणी दिसणारी फ्रेम काही कामाची नाही, पाणी सगळीकडं सारखंच. लेन्सला काही सापडलं नाही तर फोटो ताजा आहे असं सिद्ध होत नाही. तेवढ्यापुरता तो पुढं न ढकललेला बरा.

आकड्यांची पारख मात्र कोल्हापूरकराला घरबसल्या जमते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे लक्षात असले की निम्मे खोटे मेसेज तिथंच उघडे पडतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं. सातही उघडले तर साधारण १० हजार क्युसेक, वर वीजगृहातून दीड हजाराच्या आसपास. मग "राधानगरीतून दोन लाख क्युसेक सोडलं" असा मेसेज आला तर तो आकडा दुसऱ्या कुठल्यातरी धरणाचा आहे हे ओळखायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. लाखातले आकडे बहुतेक वेळा अलमट्टीचे असतात. आणि अलमट्टी तर आपल्या खाली, कर्नाटकात कृष्णेवर. तिथून विसर्ग वाढला तर कोल्हापूर-सांगलीच्या पाण्याला पुढं जायला वाट मिळते. तो विसर्ग वाढवा अशी मागणी आपलीच माणसं करत असतात. "अलमट्टीतून दोन लाख सोडलं, कोल्हापूरला धोका" हा मेसेज म्हणजे नदीच उलटी वाहवली. तरी दरवर्षी तो फिरतो आणि सुतारवाड्यातल्या, प्रयाग चिखली-आंबेवाडीतल्या माणसांच्या पोटात गोळा आणतो. सामान सगळ्यात आधी बांधायला लागतं ते त्यांनाच. त्यांच्यासाठी हा आकडा चर्चेचा विषय नसतो. म्हातारी माणसं आणि जनावरं आज रात्री हलवायची की उद्या, हे त्याच्यावर ठरतं.

म्हणून आपण स्वतः मेसेज टाकतो तेव्हा तारीख आणि पत्ता मजकुरातच लिहायचा. "पाणी वाढतंय, काळजी घ्या" हे दोन दिवसांनी पुन्हा फिरलं तर कुणालाच कळत नाही कधीचं आहे. त्याऐवजी असं लिहा: "२६ जुलै, सकाळी ७. राजाराम बंधारा ४१ फूट ३ इंच. पहाटे ५ ला ४१ फूट १ इंच होतं. माहिती जिल्हा आपत्ती कक्षाची." पातळी, वेळ, चढ की उतार, आणि कुणी सांगितलं. व्हॉइस मेसेज टाकणार असाल तर पहिल्या वाक्यात तारीख, वेळ आणि ठिकाण बोला, कारण दोन मिनिटांचा आवाज कुणी शेवटपर्यंत ऐकेलच असं नाही. शंका असेल तर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ नंबर आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप फोनवर इशारे देतं. अडकलेल्या माणसानं शब्दांत पत्ता सांगत बसण्यापेक्षा व्हॉट्सॲपचं लोकेशन पाठवावं. लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, पण फोन बंद पडला की तेही थांबतं. बॅटरी कमी असेल तर एकदाच 'करंट लोकेशन' पाठवा आणि स्क्रीन बंद करा.

ग्रुप अॅडमिन मंडळींच्या हातात तर बरंच आहे, आणि ते फार कमी वापरलं जातं. पुराच्या दिवसांत ग्रुपची सेटिंग बदलून फक्त अॅडमिनना मेसेज टाकू द्या. पाण्यासाठी वेगळा ग्रुप असेल तर त्यात 'डिसअपिअरिंग मेसेजेस' २४ तासांवर ठेवा. कालचा आकडा आपोआप पुसला जातो, आज कुणी तो चुकून उचलत नाही. चुकीचा मेसेज पडला तर अॅडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. एक अपवाद मात्र सांभाळा. घरात, गोठ्यात पाणी शिरल्याचे पंचनाम्यासाठी काढलेले फोटो अशा ग्रुपवर टाकून हरवू नका. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन चालू करून फोटो काढा आणि पाठवताना 'गॅलरी' नको, 'डॉक्युमेंट' निवडा. मग मूळ फाइल जशीच्या तशी जाते, तारखेसकट.

पूर ओसरला तरी तारीख-पत्त्याचा घोळ संपत नाही. ज्याकडं कुणाचं लक्ष नसतं असा एक प्रकार सांगतो. ग्रुपवरचे शुभ सकाळ, वाढदिवस, मिरवणुकीचे व्हिडिओ फोनमध्ये आपोआप उतरतात. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यात जातो, आणि २०२४ पासून तो खात्याच्या फुकट १५ जीबीत मोजला जातो. त्याच १५ जीबीत गूगल फोटोज आणि जीमेलही आहे. जागा भरली की जीमेलला नवीन मेल येणं बंद होतं. पोराचं हॉलतिकीट, बँकेचं पत्र, नोकरीचा कॉल आलाच नाही असं वाटतं, आणि कारण असतं मिरवणुकीचे व्हिडिओ. उपाय सोपा आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथं '५ एमबीपेक्षा मोठ्या' आणि 'अनेकदा फॉरवर्ड झालेल्या' फाइल वेगळ्या काढलेल्या असतात. आधी त्या उडवा. मग 'मीडिया ऑटो-डाउनलोड'मध्ये मोबाइल डेटावर फोटो-व्हिडिओचे टिक काढा, आणि बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळा. रोजच्या दीड-दोन जीबीतला डेटाही वाचतो.

आता फसवणूक. पत्ता हरवण्याचं सगळ्यात महागडं रूप हेच आहे. ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून लग्नपत्रिका येते, नाहीतर वाहनाचं चलान, नाहीतर शेतकरी योजनेची यादी. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटो असेल किंवा पीडीएफ असेल. एपीके म्हणजे ॲप, आणि पत्रिकेला ॲप कशाला लागतं? दाबलं की फोन 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करू का' विचारतो, माणूस घाईत हो म्हणतो, ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी घेतं, आणि बँकेचा ओटीपी परस्पर बाहेर जातो. मग तीच फाइल त्या फोनवरून सगळ्या ग्रुपवर जाते. म्हणूनच ती ओळखीच्या नंबरवरून आलेली असते.

दाबलं गेलंच तर आधी विमान मोड चालू करा, वायफाय बंद झालंय का तेही बघा. पैसे गेले असतील तर दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. यूपीआय व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत विखुरण्याआधी तक्रार गेली तरच ते गोठवता येतात, म्हणून "उद्या ब्रँचला जाऊन बघू" इथं चालत नाही. मग फोन सेफ मोडमध्ये चालू करा (बऱ्याच अँड्रॉइड फोनवर 'पॉवर ऑफ'चं बटण दाबून धरलं की तो पर्याय येतो), सेटिंग्जमध्ये त्या ॲपचे 'डिव्हाइस अॅडमिन' आणि 'ॲक्सेसिबिलिटी' हक्क काढा आणि ते उडवा. आधी हक्क काढले नाहीत तर अनइन्स्टॉलचं बटण पुसट दिसतं, दाबलं जात नाही. तरीही हटलं नाही तर फॅक्टरी रीसेट. बँकेचे पिन दुसऱ्या फोनवरून बदला, व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधली अनोळखी नावं काढा, ६ अंकी टू-स्टेप पिन लावा. आणि ग्रुपला इशारा फोन करून द्या; तुमच्या नंबरवरच्या मेसेजवर त्या दिवशी कुणी विश्वास ठेवू नये.

धंद्याकडं येऊ. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि आपल्या पायताणाचे फोटो जगभर फिरले. भौगोलिक मानांकन २०१९ पासून आहे, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी. पण फिरणाऱ्या फोटोंवर कारागिराचं गाव किंवा दुकानाची गल्ली अभावानंच दिसते. नुसतं "किंमत इनबॉक्समध्ये विचारा" लिहिलेलं असतं. स्टेटसला टाकलेला माल २४ तासांत दिसेनासा होतो. ब्रॉडकास्ट लिस्ट करून दोनशे गिऱ्हाइकांना फोटो पाठवला, तरी ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो जातच नाही. दुकानदाराला वाटतं लोक उत्तर देत नाहीत. म्हणून बिल करतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक जोडाला वेगळी नोंद करा: प्रकार कापशी की पुकरी, कुठलं कातडं, तळाची जाडी, किंमत, आणि पायाची लांबी सेंटीमीटरमध्ये. नंबर प्रत्येक कारागिराचा थोडा वेगळा बसतो. गिऱ्हाइकाला भिंतीला टाच लावून कागदावर उभं राहायला सांगा, अंगठ्यापर्यंत माप घेऊन फोटो पाठवायला सांगा, परत येणारे जोड कमी होतात. फोटोत तळाची बाजू आणि शिवण जवळून दाखवा, एका कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि 'कोल्हापूर' लिहा. फोटो कुठंही गेला तरी पत्ता त्याच्याबरोबर जातो.

शिवाय गूगलवर दुकानाची फुकट नोंद करा. पडताळणीला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. रस्त्याची पाटी, दुकानाचा बोर्ड आणि किल्लीनं शटर उघडताना, हे तिन्ही एकाच सलग व्हिडिओत घ्यायचं, मध्ये कापायचं नाही. सकाळी दुकान उघडतानाच काढा, तेव्हा समोर गाड्या लागलेल्या नसतात.