हा फोटो काढला कोणी?

जुन्या फोटोग्राफरच्या माळ्यावरच्या पेटीत अख्ख्या गावाची लग्नं सापडतात. त्याचा स्वतःचा फोटो शोधायचा तर निगेटिव्हच्या पट्ट्यांची शेवटची टोकं आधी उजेडात धरावीत. रोल धुवायला टाकायचा, दोन फ्रेम उरल्यात, वाया कशाला घालवा म्हणून कॅमेरा स्वतःकडे वळवलेला. कडेला ३५, ३६, कधी ३६ए असा आकडा दिसतो. १२० च्या, म्हणजे मागे कागद असलेल्या रुंद रोलवर ११ नाहीतर १२. ठरवून काढलेल्या पोर्ट्रेटपेक्षा मला हे उरलेसुरले फोटो जास्त बोलके वाटतात, कारण त्यात फोटो काढायचं सामान लपत नाही. बटण कसं दाबलं, फोकस कशावर धरला, कॅमेरा कुठे टेकवला, हे चेहऱ्याच्या आधी कळतं.

पहिला सवाल, फोटो आरशात बघून काढला की आपोआप शटर पाडणाऱ्या टायमरने? शर्टाची बटणपट्टी बघा. पुरुषांच्या शर्टात काजांची डावी पट्टी वर येते. फोटोत उजवी पट्टी वर दिसली आणि घड्याळ उजव्या मनगटावर गेलं असेल तर आरशाचा संशय घ्यायचा. पण लगेच निकाल देऊ नये. एन्लार्जरमध्ये, म्हणजे प्रिंट मोठी करायच्या यंत्रात, निगेटिव्ह पालथी घातली तरी प्रिंट अशीच उलटी येते. निगेटिव्हची चकचकीत बाजू आपल्याकडे आणि मंद, इमल्शनची (रसायनाच्या थराची) बाजू पलीकडे धरली की कडेची अक्षरं सुलट वाचता येतात. तशी धरूनही बटणं उलटीच असली, तर आरसा नक्की.

यशिकामॅट किंवा रोलायफ्लेक्ससारखा दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर आरशातला माणूस मान खाली घालून हूडमध्ये बघत असतो. एसएलआर, म्हणजे आतल्या आरशामुळे भिंगातूनच बघता येणारा कॅमेरा असेल तर अर्धा चेहरा कॅमेऱ्यामागे. दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात एक गंमत आहे. वरच्या दुधी काचेवर चित्र डावं-उजवं फिरलेलं दिसतं, आरसाही तेच करतो, त्यामुळे आरशातली अक्षरं काचेवर सुलट वाचता येतात. फिल्मवर मात्र खालच्या भिंगातून, आरशातली उलटीच उतरतात.

आरशाच्या फोटोत नेहमी होणारी चूक फोकसची. कॅमेरा आरशापासून १ मीटरवर असेल तर प्रतिबिंब २ मीटरवर असतं. रेंजफाइंडरने (कॅमेऱ्यातल्या अंतरमापकाने) आरशाच्या चौकटीवर फोकस धरला की आरशावरचे पाण्याचे डाग सुईसारखे स्पष्ट आणि चेहरा पुसट. अंतराच्या कड्यावर नेहमी दुप्पट आकडा लावायचा.

टायमरचा फोटो ओळखायला आणखी सोपा. माणूस मध्यभागी नसतो, डोक्यावर नको तेवढी जागा असते, आणि हसू जरा ताणलेलं. हे दुखणं फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्ये फिलाडेल्फियात काढलेला स्वतःचा डॅगेरोटाइप (धातूच्या पत्र्यावरचा फोटो) पाहा, तोही फ्रेमच्या मधोमध नाही. कॅमेऱ्यामागून बघायला कोणी नसलं की असंच होतं.

आता सामान. पेंटॅक्स के१००० हा विद्यार्थ्यांचा लाडका कॅमेरा, पण त्याला सेल्फ टायमरच नाही. त्यावर काढलेल्या फोटोत दुरून बटण दाबायची लांब केबल नाहीतर हवेचा फुगा शोधा. फुगा म्हणजे रबरी गोळा, सहा-एक मीटर बारीक नळी आणि टोकाला बटण दाबणारी पिन. हात रिकामे दिसले तर बुटाकडे बघा, बरेचजण तो पायाखाली दाबत. नळी जितकी लांब तितका जोर जास्त लागतो आणि दाबल्यावर शटर किंचित उशिरा पडतं. जुना फुगा मिळाला तर पंक्चरवाला ट्यूब बादलीत बुडवतो तसा बुडवून बघा. बुडबुडे बहुधा गोळ्याच्या मानेपाशी येतात, कारण रबर वाळून तिथेच चिरतं.

निकॉन एफएम२ चा टायमर कौतुकाचा आहे. टायमर लावून बटण दाबलं की आतला आरसा लगेच वर जातो आणि शटर साधारण दहा सेकंदांनी पडतं. तोवर आरशाचा हादरा जिरलेला असतो. सावलीत १/१५ सेकंदाला ट्रायपॉडवर फोटो काढायचा तर एकटे असा वा नसा, टायमर वापरा.

जुन्या लीफ शटरच्या, म्हणजे भिंगातच बसवलेल्या पात्यांच्या शटरच्या, टायमरबद्दल मात्र माझं मत कडक आहे. भिंगाच्या कडेला एम, एक्स आणि व्ही अशी खुंटी असते. एम आणि एक्स फ्लॅशसाठी, व्ही म्हणजे टायमर. ५०-६० वर्षांत त्याच्या दातेरी चाकांतलं ग्रीस गोंदासारखं घट्ट होतं. सुरुवातीला घुर्र आवाज येतो, मध्येच बंद पडतो, आणि टायमर अडकला की शटरही अडकतं, कारण तो पूर्ण फिरल्याशिवाय शटर सुटत नाही. मग लोक खुंटी जोराने ढकलतात आणि दाते तुटतात. शटरची सर्व्हिसिंग झालेली नसेल तर व्हीला हात लावू नये. झालेली असेल तर आधी शटर कॉक करायचं (ताणून तयार ठेवायचं), मग खुंटी व्हीवर न्यायची, आणि टायमर चालू असताना तिला शिवायचं नाही. त्यापेक्षा केबलच्या भोकात पिळून बसवायचा चावीचा सुटा टायमर बरा. ऑटोक्निप्स हे त्यातलं जुनं जर्मन नाव. रोल भरण्याआधी तो रिकाम्या कॅमेऱ्यावर चालवून बघा. पिन पुरेशी बाहेर येत नसेल तर टायमर वाजतो, शटर पडतच नाही.

शटरचे वेगही तपासून घ्या. १ सेकंदाला लावून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला की उघडझाप ऐकू येते. दोन सेकंद लागत असतील तर कमी वेग विसरायचे. १/६० च्या वरचे बहुधा बरे निघतात.

फोकससाठी सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे सुतळी. कॅमेऱ्याच्या माथ्यावर गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, ती फिल्मची पातळी. तिथून सुतळी मोजून २ मीटरवर गाठ मारा, भिंगावर २ मीटर लावा, जागेवर बसून गाठ डोळ्यापाशी आणा आणि सुतळी सोडून द्या. खडूने पायाची खूण केली तर चालते, पण पाय खुणेवर ठेवून माणूस पुढे झुकतो आणि डोळे दहा-पंधरा सेंटीमीटर सरकतात. ५० मिमी भिंगाचं छिद्र २ मीटरवर एफ/२ ठेवलं (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) तर स्पष्ट पट्टा जेमतेम १९ सेंटीमीटरचा, साधारण १.९ ते २.१ मीटर. एफ/८ केलं की तोच १.७ पासून जवळजवळ २.५ मीटरपर्यंत जातो. टायमर लावून धावत येणाऱ्याने एफ/८ पेक्षा लहान आकड्यावर उतरू नये.

उजेडाचं गणित ओर्वो एनपी२२ च्या काळातलंच अजून चालतं. पूर्व जर्मनीच्या वोल्फेनची ती १२५ एएसए फिल्म (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज त्याचा आकडा). कडक उन्हात १/१२५ ला एफ/१६, मोकळ्या सावलीत १/१२५ ला एफ/४, ओसरीच्या आत १/३० ला एफ/४. म्हणजे एफ/८ हवं तर ओसरीत १/८ येतं, आणि तेवढा वेळ श्वास रोखून बसावं लागतं. त्या काळच्या चेहऱ्यांवरचा गंभीरपणा थोडा याचाही आहे.

उजेड स्वतः मोजून ठरवणाऱ्या ऑटो एसएलआरवरचे टायमरचे फोटो निगेटिव्हवर पातळ, म्हणजे फिके, का येतात, याचं कारण व्ह्यूफाइंडरमध्ये असतं. डोळा लावलेला नसला की मागून ऊन आत शिरतं, उजेड मोजणाऱ्या मीटरला उजेड जास्त वाटतो आणि एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडणारा उजेड, कमी पडतो. आयपीसवर टोपी नाहीतर काळा कागद लावला की काम झालं.

मीटरवरून आठवलं, यशिकामॅट १२४जी ला १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. त्या जागी १.५५ व्होल्टची घातली तर मीटर चढं वाचन देतो. कानाच्या मशीनची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी रबरी रिंगेत बसवून घालावी. तिचा दाब १.४ व्होल्टच्या आसपास असतो. वरचा स्टिकर काढून पाच मिनिटं थांबायचं आणि मगच बसवायची. दोनतीन महिन्यांत ती संपते, वापरा वा न वापरा. यशिका इलेक्ट्रो ३५ ची गोष्ट वेगळी, ५.६ च्या जागी ६ व्होल्ट तिला चालतात. तिथे कान देऊन ऐकायचं ते रोल पुढे सरकवताना येणारा ‘खट्ट’ आवाज. तो येत नसेल तर आतल्या रबरी तुकड्याचा भुगा झालाय आणि एक्स्पोजरवर भरवसा ठेवता येत नाही.

१२० रोलच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना मागे आकडा बघायची लाल खिडकी असते. ती आली तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. नंतरच्या, सगळे रंग दिसणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला तो दिसतो, म्हणून उन्हात खिडकी उघडी राहिली की फ्रेमवर गोल डाग पडतो, कधी मागच्या कागदावरचा आकडाही उमटतो. खिडकीवर काळ्या टेपचं झाकण लावा आणि अंगाच्या सावलीतच उघडा. कॅमेऱ्याच्या मागच्या दरवाजाच्या खाचेतला, उजेड अडवणारा फोम डांबरासारखा चिकट झाला असेल तर दातकोरणीला आयसोप्रोपिल लावून तो खरवडून काढायचा. अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा छान बसतो.

कोकणातून आलेली पेटी असेल तर आधी भिंगातून टॉर्च मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर फंगस. वर असेल तोवर निघतं; काच कुरतडली असेल तर डाग कायमचा. जुनं चामड्याचं कव्हर कितीही देखणं असो, कॅमेरा त्यात ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खाऊही घालतं. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. निगेटिव्हना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर त्या पट्ट्या त्याच दिवशी वेगळ्या करा आणि स्कॅनही त्यांचाच आधी करा.

प्रिंटच्या मागे तारीख, कॅमेरा आणि ‘आरसा’, ‘टायमर’ किंवा ‘फुगा’ एवढं मऊ शिसाच्या पेन्सिलीने, काचेवर ठेवून, हलक्या हाताने लिहावं. बॉलपेनची रेघ पुढून उमटते. प्लास्टिकचा थर असलेल्या नव्या कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे पाकिटावर लिहायचं, आणि तेही फोटो आत घालायच्या आधी.