एमएच-०९चा विंचू की केए-२३ची स्विफ्ट

गेल्या श्रावणात आमच्या २०१२च्या स्विफ्ट डिझेलने दोन लाख साठ हजार किलोमीटर पुरे केले. मिस्त्रींनी बॉनेट खाली टाकलं आणि म्हणाले, "लई राबली बिचारी. आता हिच्यात पैसं घालू नकोस." मी निपाणीत राहतो आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासतो. सकाळी कोगनोळीचा टोलनाका ओलांडून महाराष्ट्रात, संध्याकाळी परत कर्नाटकात. एका बाजूला बावीस किलोमीटर. बस आहे, पण तिसऱ्या पाळीला बसच्या भरवशावर राहिलेला माणूस एकदा तरी हजेरी गमावतोच.

घरच्यांच्या मते प्रश्नच नव्हता, नवी स्विफ्ट घ्यायची. २०२५च्या सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार हे जाहीर झालं होतं, तेही २२ तारखेपासून, म्हणजे नेमकं घटस्थापनेला. आईने लगेच दसऱ्याला गाडी दारात असा हिशेब मांडला.

मी मात्र कोल्हापूरच्या एका गृहस्थांची फियाटची अबार्थ पुन्टो बघून आलो होतो. २०१६ची, पांढरी, दारांवर लाल पट्टे, नाकावर विंचू. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०१५मध्ये आली तेव्हा शोरूमची किंमत दहा लाखांच्या जेमतेम आत होती आणि त्या पैशात इतकी ताकद देणारी दुसरी गाडी भारतात नव्हती. आता मागणी सव्वापाच लाखांची.

आईने फोटो बघितला. "गाडीवर विंचू कशाला रे?" कंपनी काढणारा कार्लो अबार्थ वृश्चिक राशीचा होता, म्हणून त्याने विंचू लावला, असं मी सांगितलं. "मग त्याची रास त्याला. तुझी मेष आहे."

बाबांचा आक्षेप जास्त वजनदार होता. "फियाटनं हिकडं गाड्या विकायच्याच बंद केल्या. आणि तू तिची गाडी आणणार?" खरं होतं, २०१९मध्ये फियाटच्या गाड्यांची विक्री इथे थांबली. पण दारातल्या ज्या स्विफ्टचं बाबा तेरा वर्षं कौतुक करत होते, तिचं डिझेल इंजिन मुळात फियाटचंच. मारुती ते परवाना घेऊन बनवायची. हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तरीच आवाज जास्त करायची."

गाडी चालवून बघायला मालकांनाच निपाणीपर्यंत बोलावलं आणि मिस्त्रींना मागे बसवून तवंदी घाट चढलो. या घाटात आमची जुनी गाडी तिसऱ्यात घालावी लागायची, मागून ट्रक येत असला तर छातीत धडधड. अबार्थ चौथ्यात होती. इंजिनच्या मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या खाली ती अगदी आळशी, कुणी झोपेतून उठवल्यासारखी. त्याच्यावर काटा गेला आणि पाठ सीटला चिकटली. स्तवनिधीपर्यंत कधी पोचलो कळलं नाही. स्टीअरिंग जड, पण रस्त्यावरचा खडान्‌खडा हाताला कळत होता. मिस्त्री मागून एवढंच म्हणाले, "हळू की जरा, मला दोन पोरं हाईत."

उतरल्यावर त्यांनी कामाला सुरुवात केली. इंजिन आधीच चालू करून बघितलं होतं, धूर निळा नव्हता, म्हणजे तेल जळत नव्हतं. टर्बोच्या पाइपात बोट घालून तेल किती येतं बघितलं. मग टायरच्या बाजूचे चार आकडे वाचायला लावले. २२१९, म्हणजे २०१९च्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक होती, पण रबर सहा वर्षांचं. क्लच वर धरत होता. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मालकांना सापडेना, आणि ज्या बेल्टचं बिल नाही तो बदललेलाच नाही असं धरायचं, हा मिस्त्रींचा नियम. चार टायर, क्लच, बेल्ट, खालचे बुश मिळून त्यांनी पासष्ट हजार सांगितले. "पैशाचं सोड. सामान मागवायचं म्हटलं तर हप्ता-पंधरा दिवस थांबावं लागंल. तवर कामाला कशानं जाणार?"

हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मी मायलेज, विमा, टायर असले तक्ते करत बसलो होतो. एकच गाडी असलेल्या माणसाने गाडी महिन्यात किती दिवस उभी राहील हे आधी विचारावं, पण तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. सुट्टीच्या काळात काम काढू, असं म्हणालो.

मग कागद. इथून पुढचे तीन आठवडे मी गाडीपेक्षा फॉर्मच जास्त बघितले.

गाडी एमएच-०९, मी चिकोडी आरटीओच्या हद्दीतला, म्हणजे केए-२३. कोल्हापूर निपाणीपासून चाळीस किलोमीटर. आमची निम्मी सोयरीक तिकडची, लग्नाचा बस्ता तिकडून, दवाखाना तिकडचा. पण गाडीसाठी ते परराज्य. मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधी कोल्हापूरच्या आरटीओकडून फॉर्म २८वर ना-हरकत दाखला, मग चिकोडीला फॉर्म २७, शिवाय मालकी बदलायला २९ आणि ३०.

दाखल्याच्या आधीच दोन गोष्टी निघाल्या. आरसीवर अजून बँकेचं नाव होतं. मालकांनी कर्ज केव्हाच फेडलेलं, पण फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवायचा राहून गेलेला. बँकेच्या शाखेत त्यांना तीनदा जावं लागलं. दुसरी गोष्ट, गाडीवर तीन चलनं थकलेली, तिन्ही पुण्याच्या बाजूची, तिन्ही वेगाची. मालक ओशाळून म्हणाले, "मुलगा चालवत होता." विंचवाच्या गाडीवर पार्किंगचं चलन असतं तर मला वाईट वाटलं असतं.

खरा दणका चिकोडीत बसला. तिथल्या एजंटाने गाडीची मूळ किंमत विचारली, वर्ष विचारलं आणि कॅल्क्युलेटर फिरवला. कर्नाटकात आजीवन कर पाच लाखांपर्यंत १३ टक्के, दहापर्यंत १४, वीसपर्यंत १७, त्याच्यावर १८, आणि या करावर पुन्हा उपकर. बाहेरून आलेल्या गाडीला तो तुम्ही दिलेल्या किमतीवर लागत नाही, गाडी नवी असतानाच्या किमतीवर लागतो, मग वयानुसार सूट. माझा आकडा आला अठ्ठ्याहत्तर हजार. "महाराष्ट्राचा उरलेला टॅक्स परत मागता येतो सार," एजंट म्हणाला, "अर्ज करायचा." किती दिवसांत मिळतो, यावर तो फक्त हसला.

मालकांनी नुकतीच नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घेतली होती. तीही काढून टाकायची.

सीमाभागात याला एक ठरलेली वाट आहे. कागलच्या किंवा गडहिंग्लजच्या पाहुण्याचा पत्ता लावायचा आणि एमएच नंबर तसाच ठेवायचा. निपाणीत संध्याकाळी बाजारातून फिरलात तर दर चौथी-पाचवी गाडी एमएच-०९ दिसेल. सगळ्याच पाहुण्यांच्या नसतात. मीही कागलच्या मामांकडे गेलो. "मामा, पत्ता द्या की." मामा म्हणाले, "घे की. पण गेल्या बारीला तुझ्या भावानं बुलेट माझ्या नावावर ठेवली हुती. ती फिरली बेळगावात आन् चलनं आली माझ्या मोबाइलवर. तुझी मामी म्हणाली, ह्या वयात हेल्मेटबिगर कुठं फिरताय?" मामींनी चहाचा कप जरा जोरातच ठेवला. मी विषय काढला नाही परत. अपघात झाला आणि विम्यावाल्यांनी गाडी नेहमी कुठे असते विचारलं तर काय सांगायचं, हेही मनात होतंच.

त्या रात्री वहीत सरळ हिशेब मांडला. महिन्याला दीड हजार किलोमीटर, वर्षाला अठरा हजार. अबार्थ लिटरला अकरा किलोमीटर देते, हे मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलेलं. नव्या स्विफ्टचा कंपनीचा आकडा २४.८ आहे, पण मी १९ धरले. पेट्रोल तेव्हा १०३ रुपये लिटर. वर्षाचा फरक एकाहत्तर हजार. अबार्थ सव्वापाच, त्यात कर आणि काम धरून जवळपास पावणेसात लाख. स्विफ्ट रस्त्यावर येईपर्यंत साधारण आठ लाख दहा हजार. म्हणजे मधलं अंतर दोन वर्षांच्या पेट्रोलमध्येच संपत होतं.

गंमत म्हणून तोच हिशेब महिन्याला चारशे किलोमीटर फिरणाऱ्यासाठी केला. पेट्रोलचा फरक वर्षाला फक्त एकोणीस हजार. तसा माणूस असतो तर सात वर्षं तरी अबार्थच स्वस्त पडली असती. लोक पहिल्या झटक्याला "मायलेज किती?" विचारतात. रोज किती चालवणार, ते नंतर.

इथेनॉलचंही एक लचांड आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे मायलेज थोडं घटतंच. नवी गाडी त्या पेट्रोलसाठीच बनलेली, २०१६ची नाही. त्यातलं काही इथेनॉल येतं उसापासून. आमचा दीड एकर ऊस कारखान्याला जातो आणि त्यातलाच काही माझ्या टाकीत परत येणार. बाबा म्हणाले, "बिलासाठी मात्र दोन्हीकडं आपणच थांबायचं."

शेवटी शुक्रवारी मालकांना फोन केला आणि नाही म्हणालो. तीन आठवडे त्यांनी बँकेत खेटे घातले, चलनं भरली, ते माझ्यासाठीच. मला बोलताना जड गेलं. ते म्हणाले, "कागद तर स्वच्छ झाले ना माझे."

घटस्थापनेनंतर शोरूममध्ये एवढी गर्दी की दसऱ्याला गाडी मिळालीच नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आली, व्हीएक्सआय मॉडेल, राखाडी. तीन सिलिंडर, ८२ अश्वशक्ती, सहा एअरबॅग. उभी असताना किंचित थरथरते, चालू लागली की कळत नाही. पहिल्या दोन टाक्यांना लिटरला साडेएकोणीस पडले. तवंदीला तिसरा गिअर लागतो. आईने नाकावर हळदीकुंकू लावलं आणि तिथे काही चिकटवलेलं नाही याची खात्री करून घेतली.

दिवाळीनंतर मालकांचा फोन आला. अबार्थ पुण्याच्या एका मुलाने पाच लाखांना नेली. नंबर तोच, कर नाही, प्लेट तीच. पुणे तिथून सव्वादोनशे किलोमीटर, मी चाळीस. "तुम्हाला चार लाख नव्वदलाही दिली असती," ते म्हणाले.